मेच्या टूरचे पैसे आत्ता भरताय? विमान रद्द झालं किंवा कंपनीच बसली, तर त्या पैशांचं काय होतं?

जानेवारी-फेब्रुवारी आला की मालाडमध्ये टूरवाल्यांचा सीझन सुरू होतो. एस. व्ही. रोड असो, मार्वे रोड असो की पूर्वेला कुरार, बोर्डांवरची नावं तीच: काश्मीर, अंदमान, दुबई, युरोप. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपणार, म्हणजे मेच्या सहलीचे पैसे आत्ताच भरायचे. त्यातही ऑफर अशी की पूर्ण रक्कम एकदम भरली तर माणशी काही हजार सूट.

चौघांच्या घरात परदेशी टूर म्हणजे पाच-सहा लाख सहज जातात. वर्ष-दोन वर्षं साठवलेले पैसे. यंदा ते भरताना हात अडखळला तर नवल नाही, कारण डिसेंबरमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले, इंडिगोने त्यासाठी पुरेशी तयारी केली नव्हती आणि ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत कंपनीची २,५०७ विमानं रद्द झाली. तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकले. डीजीसीएने जानेवारी २०२६मध्ये इंडिगोला २२.२० कोटींचा दंड केला, तेव्हा हे आकडे अधिकृतपणे समोर आले. देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून जास्त जण एकाच कंपनीच्या विमानात बसतात, त्यामुळे ती कंपनी अडखळली की दुसरीकडे जागाही मिळत नाही.

आता टूर बुक करताना डोक्यात दोन भीती असतात. एक, विमान रद्द होईल. दुसरी, टूर कंपनीच बुडेल. पहिली जास्त दिसते, तिचे रील्स बनतात. पण पैशांच्या हिशेबात दुसरी जास्त महाग पडते. कारण विमान रद्द झालं तर काय करायचं याचे नियम आहेत. टूर कंपनी बुडाली तर तुमचा ॲडव्हान्स वाचवणारा वेगळा नियम भारतात नाही.

विमान रद्द झालं तर

नियम तसे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. कंपनीने फ्लाइट रद्द केली तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यावाच लागतो. किमान २४ तास आधी कळवलं नसेल तर प्रवासाच्या वेळेनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाईही मिळू शकते. अर्थात वादळ, युद्ध, विमानतळ बंद अशी 'असाधारण परिस्थिती' असेल तर भरपाई नाही, फक्त परतावा. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद होते, तो याच प्रकारातला प्रसंग.

पण हे झालं तुम्ही स्वतः तिकीट काढलंत तर. पॅकेजमध्ये गोष्ट वेगळी होते. टूर कंपनी बऱ्याचदा ग्रुपसाठी एकत्र तिकिटं काढते. पैसे विमान कंपनीला कुणी दिले? टूर कंपनीने. मग परतावा कुणाच्या खात्यात जाणार? टूर कंपनीच्याच. तिथून तो तुमच्यापर्यंत कधी येतो, हा पुढचा प्रश्न.

हा प्रश्न किती लांबू शकतो याचं उदाहरण कोविडचं आहे. लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत द्या, एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांचे पैसे एजंटने लगेच प्रवाशाला द्या, असा आदेश सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. तरीही यात्रा या बुकिंग प्लॅटफॉर्मकडे २०२१मध्ये ३६,२७६ बुकिंगचे २६ कोटींहून जास्त रुपये अडकलेले होते. जून २०२४मध्ये, म्हणजे आदेशानंतर जवळपास चार वर्षांनी, त्यातले अडीच कोटी देणं बाकीच होतं आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ते परत करण्याचा आदेश काढावा लागला.

दुसरी अडचण हॉटेलची. समजा मुंबईहून अंदमानला जाणारं तुमचं विमान रद्द झालं. विमान कंपनी तिकिटाचे पैसे देईल. पण पुढची फेरी बोट, हॅवलॉकमधलं हॉटेल, तिथली गाडी यांच्याशी तिचा संबंध नाही. टूर कंपनी म्हणते, विमान आमच्या हातात नव्हतं, हॉटेलचे पैसे आम्ही आधीच भरलेत. बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात बहुतेक वेळा तसं लिहिलेलंही असतं: 'आम्ही केवळ मध्यस्थ आहोत.' हे वाक्य म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. एकतर्फी अटींना २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' म्हणून आव्हान देता येतं. पण त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं, आणि सुट्टी तर गेलेली असते.

तुमचा ॲडव्हान्स म्हणजे कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज

टूरचा धंदा कसा चालतो ते बघू. फेब्रुवारीत तुम्ही पैसे भरता. कंपनी त्यातून विमानाच्या ग्रुप सीट्सचं डिपॉझिट भरते, व्हिसाची फी भरते, परदेशातल्या लोकल पार्टनरला काही रक्कम पाठवते. बाकीची रक्कम तिच्याकडे असते. तिच्यातून ऑफिसचं भाडं जातं, पगार जातात, जाहिराती होतात, कधी आधीच्या टूरची उधारी फिटते. यात फसवणूक नाही. धंदा असाच चालतो आणि बुकिंग येत राहतात तोपर्यंत नीट चालतो.

बुकिंग थांबलं की गाडी अडते. पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरच्या टूर धडाधड रद्द झाल्या, तेव्हा ग्राहक एकाच वेळी पैसे परत मागायला आले आणि हॉटेलवाल्यांकडे दिलेले पैसे मात्र लगेच परत येत नव्हते. मोठी कंपनी असा महिना सोसते. दोन खोल्यांच्या ऑफिसातली छोटी कंपनी सोसेलच असं नाही.

आणि मोठी म्हणजे सुरक्षित, असंही नाही. कॉक्स अँड किंग्ज आठवतेय? १७५८ साली सुरू झालेली, फोर्टमध्ये मुख्यालय असलेली, 'दुनिया देखो'वाली कंपनी. जून २०१९मध्ये ती दीडशे कोटींचं अल्पमुदतीचं देणं वेळेवर फेडू शकली नाही. नावाजलेली, शेअर बाजारात नोंदलेली, हिशेबात भरपूर रोकड दाखवणारी कंपनी दीडशे कोटींवर अडली, तेव्हा बाजार चक्रावला. ऑक्टोबर २०१९मध्ये एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने तिच्यावरची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली. पुढच्या सहलींचे पैसे भरलेले ग्राहक हातात पावती घेऊन उभे राहिले. विक्रीचे आकडे फुगवून दाखवल्याचा आरोप नंतर ईडीने केला. डिसेंबर २०२१मध्ये कंपनी अवसायनात गेली, म्हणजे असेल ते विकून देणी भागवायची.

ती देणी कोणत्या क्रमाने भागवतात हे महत्त्वाचं आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण घेतलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, मग विनातारण वित्तीय कर्ज देणारे, मग सरकारी देणी. टूरसाठी ॲडव्हान्स भरलेला ग्राहक यांच्या नंतर येतो. तिथपर्यंत तिजोरीत काय उरणार याचा अंदाज तुम्हीच करा.

गंमत बघा. मालाडमध्ये रीडेव्हलपमेंटच्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला आणि बिल्डर बुडाला, तर २०१८च्या दुरुस्तीनंतर कायदा तुम्हाला वित्तीय धनको मानतो. धनकोंच्या समितीत तुमचं म्हणणं मोजलं जातं. युरोप टूर बुक केली आणि कंपनी बुडाली तर तसं काही नाही.

विमान कंपन्यांचंही हेच. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं थांबवली, ऐन सुट्टीत. लेह, श्रीनगरला तिची बरीच विमानं जायची. आज दोन्ही कंपन्या अवसायनात आहेत.

मग बाहेरच्या देशांत काय करतात?

२३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची थॉमस कुक रातोरात बंद पडली. (भारतातली थॉमस कुक २०१२पासून वेगळ्या मालकीची आहे, तिचा याच्याशी संबंध नव्हता.) तेव्हा दीड लाखाहून जास्त ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. तिथल्या हवाई वाहतूक प्राधिकरणाने विमानं भाड्याने घेऊन त्यांना घरी आणलं आणि ज्यांची विमानासकटची पॅकेजेस पुढे होती त्यांना पैसे परत दिले. कारण तिथे 'ॲटॉल' नावाची योजना आहे. विमानासह पॅकेज विकायचं तर परवाना लागतो आणि प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जमा होतात. कंपनी बुडाली की तो निधी वापरतात. युरोपियन युनियनमध्येही पॅकेज विकणाऱ्याला अशी हमी बंधनकारक आहे.

आपल्याकडे पर्यटन मंत्रालयाची मान्यता आहे, पण ती ऐच्छिक. ती नसतानाही टूर कंपनी काढता येते. ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, अशी सक्ती नाही. बिल्डरला महारेरामुळे ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. टूरवाल्यांसाठी असं काही का नाही, याचं पटेल असं कारण मला सापडलं नाही. माणशी पन्नास-शंभर रुपयांच्या निधीने टूर महाग होणार नाही.

तोपर्यंत पैसे कसे भरायचे?

सर्वात कामाची गोष्ट: शक्य तितके कमी, शक्य तितके उशिरा. पूर्ण रक्कम आत्ता भरून माणशी तीन हजार सूट मिळत असेल, तर तुम्ही चार महिने लाखभर रुपये विनातारण देण्याचा मोबदला घेताय, असं समजा. तो पुरेसा आहे का ते तुम्ही ठरवा. ऐन सीझनमध्ये सूट अचानक फार वाढली आणि 'आज संध्याकाळपर्यंतच' असा तगादा सुरू झाला, तर मी तरी थांबेन.

शक्य असेल तर क्रेडिट कार्डाने भरा. सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. मुदत साधारण १२० दिवसांची असते, पण ती कार्डाच्या नेटवर्कप्रमाणे बदलते, म्हणून आधी बँकेला विचारा. एनईएफटीने किंवा मालकाच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवलेले पैसे मागे आणणं महाकठीण. टूरसाठी ईएमआयवर कर्ज घेतलं असेल तर आणखी जपून, कारण टूर रद्द झाली म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही.

कंपनीची तब्येत घरबसल्या थोडीफार तपासता येते. पावतीवरचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर टाका. कंपनीचं कायदेशीर नाव आणि रिटर्न वेळेवर भरलीत का, ते दिसतं. बोर्डावरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव वेगळं असेल तर विचारा. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा आहे ते कळतं. दोन-तीन वर्षं ताळेबंदच नसेल तर पुढे वाचायची गरज नाही. प्रोप्रायटरशिपमध्ये मात्र असा जाहीर हिशेब नसतो, आणि गल्लीतल्या अनेक कंपन्या प्रोप्रायटरशिपच असतात. त्यातल्या कित्येक वीस-वीस वर्षं चोख काम करतायत, हेही खरं. तिथे मागच्या दिवाळीत कोण जाऊन आलं आणि कुणाला रिफंड मिळाला, हे सोसायटीत विचारलेलं बरं.

परदेशी टूर असेल तर एक छान निशाणी आहे. कंपनी तुमच्याकडून टीसीएस घेते आणि तो तुमच्या पॅनवर सरकारकडे भरते. तिमाहीचं विवरण भरून झाल्यावर तो तुमच्या २६ एएसमध्ये दिसायला हवा. तुमच्याकडून घेतलेला कर कंपनीने भरला नसेल, तर हॉटेलचे पैसे तरी भरलेत का, हा प्रश्न विचारायलाच हवा. प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी पीएनआर मागून विमान कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा, आणि हॉटेलला मेल करून तुमच्या नावाने खोली आहे का विचारा.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, पण तो आजारपण, सामान, उशीर यांसाठी. टूर कंपनीच बुडाली तर काय, हे पॉलिसीत शोधा. तसा उल्लेख नसेल तर ते कव्हर मिळेल असं धरून चालू नका.

आणि अडकलातच तर? आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही सुटलं तर ग्राहक आयोग. कंपनी गुरुग्रामची असली तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे मालाडकरांसाठी वांद्र्याचा मुंबई उपनगर जिल्हा आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन करता येते. घाई एकाच कारणासाठी करायची: कंपनीवर दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की तिच्याविरुद्धच्या तक्रारींना स्थगिती मिळते. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते आणि तिच्यात दिलेल्या मुदतीत, ती साधारण १४ दिवसांची असते, पावत्यांसह दावा दाखल करावा लागतो. त्यासाठी बुकिंग फॉर्म, पावत्या आणि एजंटशी झालेलं व्हॉट्सॲप चॅट आजपासूनच एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा.