टाकी कोणती बसवणार ते नंतर सांगा, ती उपसणार कोण ते आधी सांगा

बोटीवरच्या संडासाचा विषय निघाला की चर्चा दोनच बाजूंनी होते. पर्यावरणवाले म्हणतात, खाडीत मैला सोडू नका, बोटीत टाकी बसवा. पर्यटनवाले म्हणतात, पाहुण्यांना वास येता कामा नये, चांगल्या कंपनीचा संडास बसवा. दोघांचेही बरोबर आहे. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटी असोत, केरळातल्या वेंबनाड सरोवरातल्या हाऊसबोटी असोत की आपल्या मुंबई-कोकणातल्या प्रवासी बोटी, माणसाचा मैला पाण्यात जाता कामा नये याबद्दल वादच नाही. पण टाकी तुंबल्यावर तिच्यात हात कोण घालणार, हे दोघांपैकी एकही विचारत नाही. कारण उत्तर दोघांनीही गृहीत धरले आहे : "बोलावू कुणालातरी." हा 'कुणीतरी' कोणत्या वस्तीतून येतो, हे या देशात वेगळे सांगावे लागत नाही.

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता," हा आक्षेप येणारच. तेव्हा आधी त्याचाच निकाल लावू.

आंतरराष्ट्रीय सफर करणाऱ्या, ४०० ग्रॉस टन किंवा त्याहून मोठ्या, अथवा १५ पेक्षा जास्त माणसे नेणाऱ्या जहाजांना मार्पोल कराराचे चौथे परिशिष्ट लागू होते. ते २००३ पासून अमलात आहे. कच्चा मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायचा नाही. त्यापलीकडेही टाकीतला मैला एकदम ओतायचा नाही, जहाज किमान ४ नॉट वेगाने चालत असताना थोडाथोडा सोडायचा. मैला बारीक करून निर्जंतुक केला असेल तर मर्यादा ३ मैलांची. म्हणून अशा जहाजांवर मैल्यावर प्रक्रिया करणारे यंत्र किंवा साठवणीची टाकी असते.

ते यंत्र सांभाळतो कोण? बहुतेक जहाजांवर इंजिनरूममधला कनिष्ठ इंजिनियर. पंप अडकला की तोच हातमोजे चढवतो, तोच तो उघडतो, तोच साफ करतो. हा इंजिनियर ब्राह्मण असू शकतो, मराठा असू शकतो, नायर असू शकतो. त्याला पगार डॉलरमध्ये मिळतो, लग्नाच्या बाजारात त्याचा भाव वाढतो, गावात त्याचा सत्कार होतो. मैल्याच्या पंपाला हात लावला म्हणून त्याला कुणी पंक्तीतून उठवत नाही. हाच इंजिनियर सुट्टीवर घरी येतो आणि सोसायटीची टाकी तुंबते, तेव्हा मात्र फोन एका ठरावीक वस्तीत जातो. मैला तोच, वायू तोच. मग बदलले काय? जातिव्यवस्था ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. ज्याला पुरावा हवा त्याने एकदा जहाजावरची टाकी आणि सोसायटीची टाकी शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

फरक पगारापुरताच नाही, जगण्यामरण्याचा आहे. जहाजावर बंदिस्त टाकीत उतरायचे तर आधी लेखी परवाना लागतो. आतला प्राणवायू आणि विषारी वायू मोजावे लागतात. तोंडाशी एक माणूस उभा असतो, सुटकेची साधने हाताशी असतात. सोलास कराराप्रमाणे १ जानेवारी २०१५ पासून बंदिस्त जागेत उतरण्याचा आणि सुटकेचा सराव दर दोन महिन्यांनी करावा लागतो. एवढा खटाटोप का? मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. किनाऱ्यावरच्या आमच्या माणसाला या वायूपासून संरक्षण म्हणून काय मिळते? कमरेला दोर आणि वास विसरायला दारू.

कायदा काय म्हणतो? हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, लागू झाला. कलम ७ प्रमाणे गटार किंवा सेप्टिक टाकी धोकादायक पद्धतीने साफ करायला कुणालाही लावता येत नाही. लावले तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण याच कायद्यातली सेप्टिक टाकीची व्याख्या वाचा : 'सामान्यतः जमिनीखाली' असलेली, मैला जिवाणूंकडून कुजवणारी टाकी. बोटीतली टाकी जमिनीखाली नसते, आणि साठवणीची टाकी नुसता मैला धरून ठेवते. उद्या बोटीवर माणूस मेला की मालकाचा वकील नेमके हेच दोन मुद्दे घेऊन उभा राहील. 'सामान्यतः' या शब्दात बोटीची टाकीही बसते, असे आमचे म्हणणे. पण मेलेल्या माणसाच्या बायकोने ते न्यायालयात सिद्ध करत बसावे का? सरकारने अधिसूचना काढून आजच स्पष्ट करावे.

"छोट्या बोटीच्या टाकीत माणूस उतरणार कसा?" असेही विचारतील. माणूस मावत नाही, हात मावतो. आणि हाताने मैला उपसणे म्हणजेच ती प्रथा.

तेव्हा बोटमालकांनो, संडास आणि टाकी निवडताना किंमत आणि वास यांच्या आधी एकच कसोटी लावा : ही टाकी हात न घालता रिकामी करता आणि धुता येते का? तंत्र अवघड नाही.

टाकीचा तळ उताराचा हवा आणि उपसण्याची नळी सर्वांत खोल जागेतून निघायला हवी. सपाट तळाच्या टाकीत गाळ बसतो आणि तो खरवडायला माणूस लागतो. डेकवर सक्शनचा पाइप जोडण्याचे तोंड हवे आणि टाकी आतून धुण्यासाठी पाण्याची वेगळी जोडणी हवी. पातळी दाखवणारा काटा हवा, म्हणजे झाकण उघडून डोकावावे लागत नाही. हवा जायच्या नळ्या रुंद हव्यात, जमल्यास दोन बाजूंना दोन. हवा खेळती राहिली की विषारी वायू कमी होतो. प्लास्टिकची जाड टाकी बरी, कारण लघवी आणि खारे पाणी मिळून धातूला खातात. समुद्राच्या पाण्याने फ्लश करत असाल तर लक्षात ठेवा, त्यातल्या सल्फेटपासूनच तो वायू जास्त बनतो आणि नळ्यांत खडूसारखा थर धरतो. निदान दिवसाअखेरी गोड्या पाण्याने नळ्या धुवा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू निघतो.

टाकी केवढी हवी याचा हिशोबही साधा आहे. दिवसभर ५० पर्यटक नेणाऱ्या बोटीवर प्रत्येकाने एकदा संडास वापरला आणि दर वेळी दोन लिटर पाणी गेले, तर नुसते पाणीच १०० लिटर. त्यावर मैला आणि लघवी. अशा बोटीला ५० लिटरची टाकी बसवणारा मालक एकतर ती खाडीत सोडणार आहे किंवा बादलीने कुणाकडून तरी उपसून घेणार आहे. दोन्ही गुन्हेच समजा.

"जैविक टाकी बसवली, आता काही करावे लागत नाही," हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य. फिनेल ओतले की त्यातले जिवाणू मरतात. सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या जिवाणू खात नाहीत. टाकी तुंबतेच. रेल्वेने रुळांवर पडणारा मैला डब्याखालच्या जैविक टाकीत नेला, हे चांगलेच केले. पण टाकी तुंबल्यावर ती उघडायची पाळी पुन्हा ठेकेदाराच्या सफाई कामगारावरच. मैल्याची जागा बदलली म्हणून हात बदलत नाहीत.

राहिला खर्च. सफाई करताना गटारात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला ३० लाख द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला दिला. त्याआधी हा आकडा १० लाख होता. बोटीचा सक्शन पंप याच्या एका अंशात येतो. तरीही पंप 'परवडत नाही', कारण माणूस फुकट मिळतो असा हिशोब डोक्यात पक्का आहे. आणि किनाऱ्यावर आमचा माणूस मिळाला नाही तर नेपाळहून, ओडिशाहून आलेल्या खलाशाला जुंपतात. त्याला पुरेशी भाषा येत नाही, युनियन नाही, तक्रार कुठे करायची ठाऊक नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक प्रवासी जेट्टीवर मैला खेचून घेणारा पंप आणि तो प्रक्रिया केंद्रापर्यंत नेण्याची सोय हवी. ज्या बोटीची टाकी यंत्राने उपसता येत नाही तिला परवाना देऊ नका. टाकी कधी, कशाने, कोणी उपसली याची नोंदवही तपासा. हे काम करणारा यंत्रचालक म्हणून नेमा, प्रशिक्षण द्या, पूर्ण पगार द्या, आणि ती नोकरी सगळ्या जातींना खुली ठेवा. मग पाहू किती अर्ज येतात आणि कुणाचे येतात.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांच्या पुढाकारानेच १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. नद्यांतून बोटी चालाव्यात हे त्यांच्याच नियोजनात होते. तेच बाबासाहेब १९२७ मध्ये महाडला पाण्याच्या हक्कासाठी उभे राहिले होते. पाण्यावर बोटी खुशाल चालवा, पण त्या बोटींच्या पोटात पुन्हा तीच प्रथा बसवू नका. यापुढे कुणी बोटीसाठी 'पर्यावरणपूरक टाकी' विकायला आला, की त्याला पहिला प्रश्न हाच विचारा : ही उपसणार कोण?

जय भीम!