हवेची उलटी पट्टी



उलटी पट्टी म्हणजे काय हे तुम्हाला शिकवायला नको. कांदेवाला गाडी भरून बाजारात जातो, माल विकला जातो आणि भाडे, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्याच अंगावर पैसे निघतात. माल त्याचा गेला, वर देणेही त्याचेच. आमच्या आंबेवाल्यांनीही वाशीच्या पट्ट्या पाहिल्या आहेत. आज लिहायचे आहे ते याहून मोठ्या उलट्या पट्टीबद्दल. ती कागदावर येत नाही. ती कौलांच्या फटींतून घरात येते आणि तिची वसुली माणसाच्या छातीतून होते.

दगडी कोळसा किंवा खनिज तेल जाळले की गंधकाचा वायू निघतो, नत्राचे वायू निघतात आणि बारीक धूळ निघते. अडीच मायक्रॉनचा कण म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा हिस्सा. तो नाकात अडत नाही. फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि तिथून रक्तात उतरतो. दार लावून घेतले म्हणून तो बाहेर राहत नाही. आमचे कोकणातले घर तर चुलीचा धूर कौलांतून बाहेर जावा असेच बांधलेले. ज्या वाटेने आपला धूर बाहेर जातो, त्याच वाटेने दुसऱ्याचा आत येतो.

खारेपाटण विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या टोकाला, डोंगरांमधल्या खोलगट जागेत आहे. थंडीत पहाटे नदीवर धुके बसते तेव्हा चुलीचा धूर वर चढत नाही, गावावर आडवा पसरतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. खालची हवा थंड, वरची उबदार, मध्ये जणू झाकण. उंच धुराड्याचा धूर अशा वेळी रात्रभर वर तरंगत राहतो आणि ऊन चढून हवा ढवळली की खाली उतरतो. धुराडे उंच बांधले म्हणजे प्रश्न मिटला असे सांगणाऱ्यांना ही साधी गोष्ट माहीत नसते असे नाही. ते आपल्याला माहीत नसावी असे धरून चालतात.

कायदा मोजतो काय? धुराड्याच्या तोंडाशी मोजतो आणि उघड्यावर ठरावीक जागी मोजतो. २००९ सालच्या राष्ट्रीय मानकात या बारीक धुळीची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली मर्यादा ५ वर आणली. आठ पटींचा फरक! आणि ४० चा हा आकडासुद्धा उघड्यावरच्या हवेचा. म्हातारी जिथे रात्रभर निजते, बाळंतीण जिथे सव्वा महिना बसते, त्या खोलीतली हवा मोजायला कुणी येत नाही. जी वस्तू मोजलीच जात नाही तिचा भाव कसला मिळणार?

माहुलचे उदाहरण घ्या. मुंबईत चेंबूरला आपली कितीतरी चाकरमानी माणसे राहिली, त्यांना ‘गॅस चेंबर’ हे नाव नवे नाही. त्याच भागात, तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी, माहुल हे कोळ्यांचे जुने गाव. के.ई.एम. रुग्णालयाने २०१३ साली तिथे पाहणी केली तेव्हा तिघांतल्या दोघांना वारंवार धाप लागत असल्याचे निघाले. गावकरी हरित लवादाकडे गेले. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने मान्य केले की इथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. त्यानंतर सरकारने काय करावे? तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या तोडल्या आणि ती माणसे याच माहुलच्या इमारतींत नेऊन घातली! शेवटी २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरायला सांगितले. आकडा मोठा आहे. पण तो परिसर सुधारण्यासाठी. ज्याने वर्षानुवर्षे पदरच्या पैशाने औषध आणले, त्याची पट्टी उलटी ती उलटीच राहिली.

डहाणूचे उदाहरण थोडे वेगळे. तिथे चिकूच्या बागायतदारांनी औष्णिक वीज केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली. १९९६ साली न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. प्राधिकरणाने १९९९ साली गंधकाचा वायू काढून घेणारे यंत्र बसवायला सांगितले. यंत्र चालू झाले २००७ साली. आठ वर्षे गेली, पण बसले. म्हणजे धूर अडवता येतो. न अडवणे हा निसर्गाचा कोप नव्हे, तो हिशेब आहे. तोच हिशेब देशभर चालला. २०१५ साली केंद्राने औष्णिक केंद्रांना गंधकाच्या वायूची मर्यादा घालून दोन वर्षांची मुदत दिली, मग मुदतीला मुदत जोडली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना हे यंत्र बसवण्यातून सूटच देऊन टाकली. शेतकऱ्याला कर्जाच्या हप्त्यात अशी दहा वर्षांची सवलत कधी मिळाली आहे काय?

आपल्या दाराशीही ही मंडळी येऊन गेली आहेत. देवगडात गिर्ये-मुणगे परिसरात ४००० मेगावॅटचे केंद्र येणार होते, ते आंबेवाल्यांच्या विरोधामुळे अडले. २०१७ साली नाणारच्या रिफायनरीसाठी राजापुरातल्या गावांबरोबर आपल्या जिल्ह्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावेही धरली होती. २०१९ साली ती अधिसूचना रद्द झाली. मग बारसूचे नाव पुढे आले आणि एप्रिल २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झाले. खाडीच्या पलीकडे रत्नागिरी जिल्हा, अलीकडे सिंधुदुर्ग. पण हवेला सातबारा नसतो आणि जिल्ह्याची शीवही नसते.

आम्ही कारखान्याचे वैरी नाही. ज्यांची पोरे रोजगारासाठी मुंबईची गाडी पकडतात, त्यांनी कारखाना नको म्हणणे सोपे नाही. आम्ही एवढेच म्हणतो की उत्पादन खर्च पुरा धरा. शेतमालाला भाव देताना उत्पादन खर्च पुरा हिशेबात धरत नाहीत, म्हणून अन्न स्वस्त दिसते. तसाच वीज आणि पेट्रोलच्या खर्चात शेजारच्या घरांतला खोकला धरत नाहीत, म्हणून तीही स्वस्त दिसतात. दोन्हीकडे लूट एकच, लुटला जाणाराही एकच.

कुणी म्हणेल, तुमच्या चुलीचा धूर काय कमी आहे? कमी नाही. तो वाईटच आहे आणि आमच्या मायबहिणींनी तो पिढ्यान्‌पिढ्या गिळला आहे. पण चूल आमच्या हातात आहे, गॅस घेतला की विझते. कारखान्याचे धुराडे आम्हाला विझवता येत नाही. आणि आधीच धूर गिळलेल्या छातीवर आणखी धूर घालायला ही परवानगी कुणी दिली?

थोडे आपल्याही पदरात घालून घेऊ. आजवर आपण निवेदने दिली ती आंब्याच्या मोहोरावर आणि खाडीतल्या मासळीवर. घरात बसणाऱ्या बाईच्या श्वासावर एक ओळ लिहिली नाही. पुढे असे चालणार नाही.

जिल्हा मेळाव्यात आम्ही हा ठराव मांडत आहोत:

१. कोणताही मोठा कारखाना येण्याआधी टापूतल्या गावांत घरांच्या आतली हवा वर्षभर, सर्व ऋतूंत, मोजावी. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत.

२. त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दमा-खोकल्याची नोंद सुरू व्हावी, म्हणजे ‘हे आधीपासूनच होते’ असे पुढे कुणाला म्हणता येणार नाही.

३. हवा बिघडली तर कारखान्याने बिघडवली नाही हे कारखान्याने सिद्ध करावे. पुराव्याचा हा भार उद्योगावर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच वेल्लोरच्या निकालात सांगितले आहे.

४. भरपाई घरटी मिळावी आणि धूर थांबेपर्यंत दरमहा मिळावी.

ठरावाला हात वर करण्याआधी प्रत्येकाने घरी जाऊन बायकांना विचारावे. हात त्यांचेही हवेत.