डंपरचालकाला नियम, पोर्शेवाल्याला निबंध!



पुणे-नगर रस्ता आपल्याला नवा नाही. दर १ जानेवारीला लाखो भीमसैनिक याच रस्त्याने वाघोली, लोणीकंद ओलांडून पेरणे फाट्याला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात. याच रस्त्याच्या परिसरात २०२४ साली सात महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. आणि २३ डिसेंबर २०२४ ला मध्यरात्रीनंतर वाघोलीत केसनंद फाट्याजवळ, पोलीस ठाण्यासमोर, एक डंपर फुटपाथवर चढला. तिथे अमरावतीहून कामासाठी आलेले मजूर झोपले होते. एक वर्षाचे एक लेकरू, दोन वर्षांचे दुसरे आणि बावीस वर्षांचा एक तरुण, असे तिघे चिरडले गेले. सहा जण जखमी झाले. डंपरचालक दारू प्यायलेला होता, असे पोलिसांनी सांगितले.

वाघोलीच्या घटनेनंतर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, चॅनेलवर एकच सूर ऐकू आला: 'हे ट्रकवाले बेवडे असतात, यांच्यासाठी कडक नियम करा.' आपल्यातलेही काही कार्यकर्ते त्या सुरात सूर मिसळताना दिसले. म्हणून हा लेख.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. दारू पिऊन चाळीस-पन्नास टनांचे धूड चालवणाऱ्या माणसाची बाजू मी घेणार नाही. त्या लेकरांचा गुन्हेगार तो आहेच. तो गरीब आहे म्हणून त्याला माफी द्या, ही आंबेडकरवादी भूमिका होऊ शकत नाही, कारण मेलेलेही गरीबच होते. प्रश्न वेगळा आहे. नियम कोणासाठी आहेत, ते कोणाला बांधतात आणि कोणाला मोकळे सोडतात?

कागदावर कडक कोणाला?

'ट्रकवाल्यांसाठी कडक नियम करा' म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा १९८८ एकदा उघडून पाहावा. खासगी कार अठराव्या वर्षी चालवता येते, व्यावसायिक वाहनाला विसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. जड मालवाहू गाडीच्या शिकाऊ परवान्यासाठी आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना हातात असावा लागतो आणि डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. व्यावसायिक परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तिशीच्या आत खासगी गाडीचा परवाना काढणाऱ्याला मात्र चाळिशीपर्यंत आरटीओचे तोंड पाहावे लागत नाही.

गाडीचेही तसेच. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी कारला पंधरा वर्षे कोणी विचारत नाही. डंपरला ताशी ६० किलोमीटरवर वेग रोखणारे यंत्र बसवणे बंधनकारक आहे. आणि दोनशेच्या पुढे पळू शकणाऱ्या आलिशान गाडीला? ऐंशीच्या पुढे एक 'टुंग टुंग' आवाज आणि एकशेवीसच्या पुढे तो सलग. बस्स. यंत्र पोटासाठी गाडी चालवणाऱ्याचा पाय रोखते आणि मौजेसाठी चालवणाऱ्याच्या फक्त कानात कुजबुजते.

जड गाडी जास्त धोकादायक असते, म्हणून तिला नियमही जास्त हवेत, हे मला मान्य आहे. जगभर तसेच आहे. अमेरिकेत सामान्य चालकासाठी रक्तातील दारूची जी मर्यादा बहुतेक राज्यांत आहे, तिच्या निम्मी व्यावसायिक चालकासाठी आहे. आपल्याकडे मात्र कलम १८५ मध्ये सर्वांना एकच मर्यादा आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ट्रकचालकांसाठी ती शून्यावर आणा, माझा विरोध नाही. पण त्याच अमेरिकेत हायवेवर घरासारखी भलीमोठी मोटारहोम घेऊन सुट्टीवर निघालेल्याला बहुतेक राज्यांत साधा परवाना चालतो आणि तो किती तास सलग चालवतो हे कोणी मोजत नाही. म्हणजे धोका नेहमीच वजनाने मोजला जात नाही. पुष्कळदा तो चालवणारा कोण आहे यावर मोजला जातो.

धोका खरोखर मोजायचा असेल तर आकडे पाहा. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदवले आहेत. अतिवेग हा सर्वात मोठा मारेकरी असेल, तर वेग रोखणारे यंत्र फक्त मालवाहू आणि प्रवासी गाड्यांतच का?

जो नियम मालकाला बांधतो, तो कुठे आहे?

चालकाला बांधणारे नियम भरपूर आहेत. मालकाला बांधणारा नियम शोधायला लागलो की कायद्याचा आवाज बसतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ सांगते की व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याचे कामाचे तास १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याप्रमाणे असावेत. त्या कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी होती. वाचायला छान होते. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या उद्योगालाच लागू होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन करताना ही मर्यादा पाचवरून दहावर नेली. दोन-तीन हायवा घेऊन खडी-मुरूम वाहणाऱ्या मालकाचा दरवाजा कामगार खाते ठोठावणार नाही, याची सोयच करून दिली.

वाघोलीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. इथल्या खाणी, खडी क्रशर, आरएमसी प्लांट यांवर खराडी आणि पूर्व पुण्याचे टॉवर उभे राहिले. शहरात दिवसा जड वाहनांना बंदीच्या वेळा आहेत, म्हणून माल रात्री पळतो. चालकाला पैसे खेपेवर मिळतात. खेप जितकी जास्त तितकी कमाई, आणि उशीर झाला की मालकाचा फोन. झोप हा त्याच्या धंद्यातला तोटा आहे. चौकाचौकात त्याचे लायसन, पीयूसी, ओव्हरलोड तपासायला माणसे उभी असतात. 'भाऊ, किती तास झाले स्टिअरिंगवर?' हे विचारणारा एकही नाही.

युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. चालकाने किती वेळ गाडी चालवली, कधी थांबला, याची नोंद ते करते. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते. आपले केंद्रीय परिवहन मंत्री नितीन गडकरी यांनीही २०२१ मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचे तास ठरवण्याची भाषा केली होती. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला. चांगले झाले. पण थंड हवेत अठरा तास जागणारा माणूसही माणूसच असतो. झोपेची सोय एसी करत नाही, तास ठरवणारा कायदा करतो.

बाबासाहेबांचे नाव इथे उगाच घेत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. कामगाराच्या शरीराला मर्यादा आहे, ती मालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही, हे त्यामागचे तत्त्व. ज्या देशाने हे तत्त्व १९४६ मध्ये कारखान्यात मान्य केले, तो देश आजही रस्त्यावर ते मान्य करायला तयार नाही.

दोन्हीकडे अडकणारा ड्रायव्हरच

आता कल्याणीनगर पाहा. मुलगा अल्पवयीन, गाडीची नोंदणी अपुरी, आधी पबमध्ये बसलेला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला आणि अटींमध्ये रस्ते अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले! पुढे ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. घरच्या ड्रायव्हरने 'गाडी मीच चालवत होतो' असे सांगावे म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याच्या, त्याला डांबून ठेवल्याच्या आरोपाखाली मुलाच्या वडिलांना आणि आजोबांना अटक झाली. जुलै २०२५ मध्ये मंडळाने या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली.

अल्पवयीनांसाठी वेगळा, सुधारणेची संधी देणारा कायदा हवा, यावर माझे दुमत नाही. तो कायदा आपल्या वस्तीतल्या पोरांना सर्वात जास्त लागतो. पण प्रामाणिकपणे सांगा, वस्तीतल्या सतरा वर्षांच्या पोराने टेम्पो घेऊन दोघांना उडवले असते, तर त्याला निबंधाचा कागद मिळाला असता की पट्ट्याचा मार?

ड्रायव्हरवरचा आरोप पुन्हा वाचा. मालकाच्या मुलाने माणसे मारायची आणि पगारी ड्रायव्हरने तुरुंगात जायचे, हा सौदा कोणाच्या तरी डोक्यात येऊ शकला. डंपरच्या घटनेत ड्रायव्हर स्वतःच्या गुन्ह्यासाठी आत जातो, पण खेपांचा हिशेब ठेवणारा, रात्री गाडी काढायला लावणारा बातमीत येतच नाही. पोर्शेच्या घटनेत मालकाच्या गुन्ह्यासाठी ड्रायव्हरलाच आत पाठवायचा बेत होतो. स्टिअरिंग कोणाच्याही हातात असो, अंगावर घेणारा एकच. वरच्याचे पाप खालच्याने वाहायचे, ही जातिव्यवस्थेने शिकवलेली जुनी सवय आहे. गाड्या नव्या आल्या, सवय तीच राहिली.

कायद्यात हत्यार नाही असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ सांगते की अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. म्हणजे गाडी ज्याची, जबाबदारीही त्याची, हे तत्त्व कायद्याला माहीत आहे. मग दमलेला, प्यायलेला चालक रात्री गेटमधून बाहेर सोडणाऱ्या डंपरमालकाला आणि ठेकेदाराला तेच तत्त्व का लागू नको?

फुटपाथवर झोपलेल्यांचा कायदा

वाघोलीतल्या मृतांबद्दल 'फुटपाथवर झोपायचेच कशाला?' असे विचारणारेही भेटले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचे कलम ३४ सांगत होते की मालकाने कामगारांना कामाच्या जागी किंवा जवळ तात्पुरता निवारा मोफत द्यावा. पण आज कामाच्या शोधात उतरलेला, उद्या नाक्यावर उभा राहणार असलेला मजूर कोणाचाच कामगार नसतो. त्याची रात्र फुटपाथवरच जाते. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. कर महापालिकेचा लागतो, मग मजुरांसाठी रात्रनिवारा महापालिकेचा का असू नये?

त्या रात्री फुटपाथवर झोपलेला आणि डंपरच्या केबिनमध्ये बसलेला हे एकाच बाजूचे लोक होते. विदर्भ-मराठवाड्यातून पोटासाठी आलेले. एकाने दुसऱ्याला चिरडले आणि दोघांच्या घामावर उभ्या राहिलेल्या इमारतीचा मालक शांत झोपला होता. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच मनमाडजवळ पानेवाडीत १ जानेवारी २०२४ ला टँकरचालकांनी 'हिट अँड रन'च्या नव्या तरतुदीविरुद्ध गाड्या उभ्या केल्या. देशभर चालक थांबले, पंपांवर रांगा लागल्या आणि न्याय संहितेचे कलम १०६(२) सरकारला स्थगित ठेवावे लागले. त्या वेळी आपल्यापैकी किती जण त्या चालकांशी बोलायला गेले? 'दहा वर्षांची शिक्षा नको' याच्या जोडीला 'आठ तासांचे काम हवे' ही मागणी त्यांच्या हातात द्यायला आपण नव्हतो. म्हणून ते आंदोलन शिक्षा टाळण्यापुरतेच राहिले.

मागायचे काय?

एक, चालकाच्या कामाच्या तासांचा नियम गाड्यांच्या संख्येवर नको. एक गाडी असो वा शंभर, तास मोजणारे यंत्र सक्तीचे करा. दोन, प्लांट, खाण आणि क्रशरच्या गेटवर गाडी सुटण्यापूर्वी चालकाची दारूची तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी. ती केली नाही तर अपघातात मालक आणि ठेकेदार सहआरोपी. तीन, खेपेवर मजुरी बंद करून महिन्याचा पगार. चार, मौजेच्या शक्तिशाली गाड्यांनाही वेगरोधक यंत्र. पाच, वाघोलीत मजुरांसाठी रात्रनिवारा आणि वस्तीलगतच्या रस्त्यांवर रात्रीच्या डंपरवर वेगळे नियंत्रण.

'हे शक्य नाही' असे कोणी म्हटले तर त्याला १ जानेवारी दाखवा. त्या दिवशी प्रशासन नगर रस्त्यावरची जड वाहतूक वळवते. आपल्या संख्येमुळे वळवते. म्हणजे डंपर थांबवता येतो, वळवता येतो. मजुरांच्या लेकरांसाठी तो वर्षाचे ३६४ दिवस नियमात चालवायचा असेल, तर तीच संख्या वर्षातून आणखी काही वेळा महापालिकेच्या, आरटीओच्या आणि कामगार आयुक्तांच्या दारात दिसली पाहिजे.

आणि एक आपल्या पोरांसाठी. जयंतीच्या रॅलीत हेल्मेटशिवाय तिघे तिघे बसून बुलेटचे फटाके फोडणारे आपलेच असतात. पोर्शेवाल्याला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्याला स्वतःच्या वागण्यातून मिळवावा लागेल. पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहायला सांगते. ते विहारात म्हणायचे आणि हँडल हातात आल्यावर विसरायचे, असे चालणार नाही.

संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य मानायचे आणि समाजात एक माणूस एक मूल्य नाकारायचे, हा विरोधाभास लोकशाहीला परवडणारा नाही. हा विरोधाभास नगर रस्त्यावर रोज रात्री धावतो. तो थांबवायचा असेल तर येत्या आठवड्यात आपापल्या भागातल्या दहा चालकांना भेटा, त्यांचे तास लिहून घ्या आणि ते कागद घेऊन कामगार आयुक्तालयात चला.

जयभीम! जय संविधान!