उंबरठ्याच्या आतले अरण्य

वन्यजीवांचे छायाचित्रण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताडोब्याचा वाघ येतो, नाहीतर भिगवणच्या जलाशयावर उतरलेले रोहित पक्षी. त्यासाठी लागणारे हातभर लांबीचे भिंग, पहाटेचा प्रवास आणि खर्च यांचा विचार करून बहुतेक जण हा छंद आपला नव्हे असे ठरवून टाकतात. परंतु अरण्याची सीमा वनखात्याच्या फाटकापाशी सुरू होत नाही. ती आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर, परसातल्या अळवावर आणि तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यातही असते. पावसाळ्याचे हे चार महिने तर अशा लहान जीवांच्या गजबजाटाचे. पायाखाली काय आहे हे पाहून चालण्याची आपल्या घरांतली जुनी सवय या दिवसांत विशेष पाळली जाते. त्याच सवयीला छायाचित्रणाची जोड दिली, तर पाहण्याचे रूपांतर अभ्यासात होते.

माणसाचा डोळा साधारण वीतभर अंतराच्या आतील वस्तू स्पष्ट पाहू शकत नाही. त्यामुळे तांदळाच्या दाण्याएवढ्या जीवाचे पाय किती, डोळे कुठे, हे प्रश्न आपल्या मनात उद्भवतच नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसणारे साधे चिमट्याचे भिंग ही उणीव भरून काढते. आणखी एक लाभ असा की, जीव निघून गेला तरी चित्र हातात राहते. मग निवांत बसून पाय मोजता येतात, पुस्तक उघडून ताडून पाहता येते.

याची सुरुवात मृगाच्या किड्यापासून करावी. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर लाल मखमलीचे मणी चालू लागतात, हे ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना सांगायला नको. छायाचित्र मोठे करून पाय मोजले की ते आठ भरतात. कीटकांना सहाच पाय असतात. म्हणजे आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘किडा’ म्हणत आलो तो शास्त्रीय अर्थाने कीटक नव्हेच. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातला, गोचिडीचा नातलग. गंमत अशी की, अंड्यातून बाहेर पडणाऱ्या त्याच्या पिलाला मात्र सहाच पाय असतात. ते पिलू नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून वाढते आणि पुढे आठ पायांचे होऊन मातीत स्वतंत्र राहू लागते. वर्षाचा बराच काळ जमिनीत दडून राहिलेला हा जीव पावसाच्या ओलीने थोडे दिवस वर येतो. देशाच्या काही भागांत औषधी तेलासाठी तो गोळा केला जातो. काडेपेटीत भरून ठेवण्याचा मुलांचा जुना खेळ आता छायाचित्रावर भागवता आला, तर दोघांचेही भले होईल.

परसातल्या अळूकडे वळू. ‘अळवावरचे पाणी’ हे क्षणभंगुरतेचे आपले ठरलेले उदाहरण. पानावर पाणी ठरत नाही एवढे आपण पाहतो, पण का ठरत नाही? पानाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली सपाट नसतो. त्यावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे कण असतात. थेंब केवळ उंचवट्यांच्या माथ्यावर टेकतो. त्याच्या खाली हवा अडकून राहते. ही हवाच प्रकाश परावर्तित करते, म्हणून छायाचित्रात थेंबाची खालची बाजू चांदीसारखी चकाकताना दिसते. पान जरा कलले की थेंब घरंगळतो आणि जाताना धूळ बरोबर घेऊन जातो. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी 1997 साली आपल्या सहकाऱ्यासह या गुणधर्माचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. कमळाच्या पानातही हाच गुण असल्याने त्याला ‘कमल-परिणाम’ असे नाव पडले. आता स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवणारे रंग आणि कापड बनवताना याच तत्त्वाचा आधार घेतात. जे उदाहरण आपण नश्वरतेसाठी वापरले, ते पानाच्या दृष्टीने निर्मळ राहण्याचे साधन आहे.

अळवाचे छायाचित्र पहाटे घेतले तर पानाच्या टोकाशी एक टपोरा थेंब लोंबताना दिसेल. त्याला आपण सहज दंव म्हणतो. पण दंव हवेतून येऊन सर्व पानावर बसते. हा थेंब एकाच जागी, नेमका टोकाशी असतो. तो झाडाच्या आतून आलेला असतो. रात्री पानांची रंध्रे बहुतांशी मिटलेली असतात, पण मुळे पाणी ओढतच असतात. तो दाब टोकाजवळच्या विशेष छिद्रातून पाणी बाहेर ढकलतो. थेंब पुसून टाकून थोडा वेळ थांबा. पहाट ओलसर असेल, तर त्याच जागी दुसरा थेंब धरू लागलेला दिसेल.

घरात आल्यावर खिडकीच्या चौकटीवर एक लहानसा कोळी हमखास भेटतो. हा भक्ष्यासाठी जाळे विणत नाही. दबा धरतो आणि उडी घेतो. कॅमेरा जवळ नेला की तो वळून थेट आपल्याकडे पाहतो, म्हणून मुलांना तो फार आवडतो. त्याला आठ डोळे असतात. बाजूचे डोळे हालचाल टिपतात आणि समोरचे दोन मोठे डोळे ती वस्तू काय आहे याची तपासणी करतात. उडीपूर्वी तो रेशमाचा एक धागा पृष्ठभागाला चिकटवून ठेवतो. उडी फसली तर त्या धाग्यावर लोंबकळून परत वर येता येते. पाय ताणण्यासाठी लागणारा जोर मुख्यतः शरीरातील द्रवाच्या दाबाने निर्माण होतो, हेही एक नवल.

पण छायाचित्रकाराला अंतर्मुख करणारी गोष्ट पुढेच आहे. जवळून चित्र काढताना कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर येतात. ही धूसरता आपल्याला दोष वाटते. उष्ण प्रदेशांत घरोघरी आढळणाऱ्या हॅसेरियस अॅडान्सोनी या उडी घेणाऱ्या कोळ्यावर जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कोळ्याच्या मुख्य डोळ्यातील पडदा चार थरांचा असतो. हिरव्या प्रकाशाचे चित्र एका थरावर स्पष्ट उमटते आणि त्याच वेळी शेजारच्या थरावर धूसर. भक्ष्य जितके जवळ तितकी धूसरता वेगळी. या दोन चित्रांतील फरकावरून कोळी अंतर ठरवतो. केवळ तांबड्या प्रकाशात ठेवले असता त्याचा अंदाज चुकू लागला आणि उड्या तोकड्या पडल्या. आपण जो दोष म्हणून पुसून टाकतो, त्याच्यावर या जीवाने आपली दृष्टी उभारली आहे.

पालीविषयी आपल्याकडे किळस अधिक आणि माहिती थोडी. मनात शंकेची पाल चुकचुकते, अंगावर पडली तर शकुन पाहतात. रात्री दिव्याजवळच्या खिडकीच्या काचेवर ती बसली असता काचेच्या दुसऱ्या बाजूने छायाचित्र घ्यावे. बोटांच्या तळाशी आडव्या पट्ट्यांची रांग स्पष्ट दिसते. त्या पट्ट्यांवर असंख्य सूक्ष्म केस असतात, ते आपल्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचे. टोके या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर असे सुमारे 5 लाख केस असून प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो शाखा फुटलेल्या असतात. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली अशा एकाच केसाची पकड मोजून दाखवली. त्यात गोंद नाही, चोषणही नाही. अणुरेणूंमध्ये अगदी जवळ आल्यावर जे क्षीण आकर्षण असते, तेच लक्षावधी टोकांमुळे पालीचे वजन पेलते. पाऊल उचलताना ती बोटे टोकाकडून उलगडते, म्हणजे पकड सहज सुटते. तिला पापण्या नसतात. डोळ्यावरचे पारदर्शक आवरण ती जिभेने पुसते. मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून कधी दोन पांढरी अंडी दिसतात. एकदा ती अंडी कुणी चित्रात पाहिली, की केरसुणी उगारणारा हात थोडा थबकतो, असा माझा अनुभव आहे.

आता एक कठोर उदाहरण. दाराच्या चौकटीवर किंवा कुंडीच्या काठाला मातीचे बोराएवढे मडके दिसते. ती कुंभारीण माशीची कारागिरी. ‘भृंगकीटक न्याय’ आपण कीर्तन-प्रवचनांतून ऐकला आहे. भृंगी अळीला आपल्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुंजारव करते आणि तिचे अखंड ध्यान करता करता अळीच भृंगी होते, असा तो दृष्टांत. पूर्वजांचे निरीक्षण अचूक होते: आत अळी गेली आणि बाहेर माशी आली. मधले मात्र कोणी पाहिले नव्हते. फ्रेंच निरीक्षक झां आंरी फाब्र (1823–1915) यांनी ही घरटी बारकाईने तपासली. माशी रिकाम्या मडक्यात छतापासून एका बारीक धाग्याने आपले अंडे टांगते. नंतर दंश करून लुळ्या केलेल्या अळ्या आत भरते आणि तोंड लिंपून टाकते. मेलेली अळी कुजली असती. लुळी अळी ताजी राहते. अंड्यातून निघणारे पिलू तिच्यावर वाढते आणि यथाकाल भिंत पोखरून माशी बाहेर पडते. ती मोठी झालेली माशी स्वतः मात्र फुलांतला मध पिते.

हे कळल्यावर दृष्टांत खोटा ठरला म्हणून हळहळायचे कारण नाही. ध्यानाचा महिमा सांगणे हे त्याचे काम; कीटकाचा जीवनक्रम सांगणे हे निरीक्षणाचे. परंतु निसर्ग आपल्या मनासारखा कोमल असेलच असे नाही, हे स्वीकारण्याचे बळ डोळे उघडे ठेवूनच येते. अळीविषयी कळवळा वाटावा आणि माशीविषयी द्वेष वाटू नये, एवढा तोल साधला तरी पुष्कळ झाले. मडके फोडून आत पाहण्याचा मोह मात्र टाळावा. बाजूला भोक पडलेले, रिकामे झालेले मडके पुढे मिळतेच. त्याचे छायाचित्र तेवढेच बोलके असते.

येथे या छंदाचा खरा कसोटीचा प्रश्न येतो. हलणारा जीव स्थिर राहावा म्हणून त्याला शीतकपाटात ठेवून गारठवणारे आणि मग पानावर मांडून ‘निसर्गातील क्षण’ म्हणून ते चित्र मिरवणारे लोक आहेत. घरटे नीट दिसावे म्हणून आडवी फांदी छाटली जाते. त्या फांदीनेच पिलांना ऊन आणि कावळा यांपासून झाकलेले असते. मोठ्या व्यासपीठांनाही हा रोग चुकला नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमशी निगडित जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत 2009 साली फाटकावरून झेप घेणारा लांडगा सर्वोत्तम ठरला होता. तो पाळीव आणि शिकवलेला असावा, असा निष्कर्ष काढून परीक्षकांनी 2010 च्या जानेवारीत ते पारितोषिक काढून घेतले. त्याच स्पर्धेत 2017 साली गौरवलेल्या चित्रात ब्राझीलमधील एक मुंगीखाऊ वारुळाकडे येताना दिसत होता; तो पेंढा भरलेला आहे असे तज्ज्ञांचे मत पडल्यावर 2018 साली ते चित्रही बाद झाले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले, पण निर्णय कायम राहिला.

पहिल्या प्रकारात जीवाला इजा होते, दुसऱ्यात पाहणाऱ्याची फसवणूक. अहिंसा आणि सत्य ही दोन्ही मूल्ये एका लहानशा कळीच्या दाबाखाली येतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून घरातल्या मुलांच्या हाती भिंग देताना तीन नियमही द्यावेत. जीवाला हात लावायचा नाही आणि त्याची वाट अडवायची नाही. घरट्याजवळ थांबायचे नाही आणि त्याची जागा चारचौघांत सांगायची नाही. चित्रात जे नव्हते ते नंतर घालायचे नाही. चित्र चुकले तर चुकू द्यावे. जीव पुन्हा येईल.

प्रत्येक चित्रासोबत वहीत चार ओळी लिहाव्यात: तारीख, वेळ, जागा आणि पडलेला एक प्रश्न. उत्तर लगेच मिळालेच पाहिजे असे नाही. एका पावसाळ्यात अशी तीस पाने भरली, तर ती आपल्या घराची स्वतःची जीवसूची होईल आणि पुढच्या वर्षी मृगाचा किडा कोणत्या दिवशी दिसला, हे ताडून पाहता येईल.

या महिन्याचा प्रयोग

कोमट पाण्यात विरघळेल तितके मीठ विरघळवा. त्यातील काही थेंब काळ्या ताटलीवर सोडून ती दोन दिवस न हलवता ठेवा. पावसाळी हवेत वाळायला अधिक वेळ लागेल. वाळल्यावर खिडकीच्या तिरप्या उजेडात भिंगातून छायाचित्र घ्या. कणांना चौकोनी बाजू आणि काटकोन दिसतील. सोडियम आणि क्लोरिन यांचे कण आतही घनाकृती रचनेतच बसलेले असतात. काही खड्यांच्या मधोमध पायऱ्यापायऱ्यांचा खोलगट भाग दिसेल. कडा मध्यभागापेक्षा वेगाने वाढल्याची ती खूण. मग साखरेचा दाणा शेजारी ठेवून त्याचे कोन ताडून पाहा. आपण चिमटीने आमटीत काय टाकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे.