भरवशाची म्हैस

आमच्या घरी तीन संगणक आहेत हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. तीन छत्र्या आहेत असे सांगावे, तसे सांगतो. ऐन पावसात त्यांतली एक सापडत नाही, दुसरी उघडत नाही आणि तिसरी शेजाऱ्यांची निघते! पहिला संगणक म्हणजे चिरंजीवांनी सुटे भाग आणून जोडून घेतलेला भला थोरला डेस्कटॉप. दुसरा माझा नऊ वर्षांचा लॅपटॉप. त्याची एक बिजागरी निखळली आहे. तिसरा सौभाग्यवतींच्या पर्समधला मोबाइल, पण त्याला संगणक म्हटलेले त्यांना स्वतःलाच पटत नाही.

या सदराच्या वाचकांना आमची आई ठाऊक आहे. तिच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या, असे मी कित्येक वर्षे म्हणत होतो. जन्मभर मुलांना लोकसाहित्य शिकवायचे आणि घरातले लोकसाहित्य मात्र पुढच्या सुट्टीवर ढकलायचे, ही आम्हा प्राध्यापक मंडळींची जुनी खोड. शेवटी गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी तिच्यासमोर बसलो. दीड महिन्यात चारशे बारा ओव्या झाल्या. त्या ठेवायच्या कुठे, याचा मी फारसा विचार केला नाही. लॅपटॉप पडला फिरस्ता, आज कॉलेजात तर उद्या एस. टी. त. मोबाइल तर मांडीवरून केव्हा घसरेल याचा नेम नाही. घरात ठाण मांडून बसलेल्या माणसावर आपला विश्वास अधिक असतो, नाही का? ओव्या डेस्कटॉपवर गेल्या.

हा विश्वास किती पोकळ होता, ते नंतर वाचनात आले. 2011 साली मायक्रोसॉफ्टमधील तीन संशोधकांनी घरगुती वापराच्या तब्बल दहा लाख संगणकांच्या बिघाडांचा हिशेब मांडला. त्यात लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा अधिक टिकाऊ ठरले! मला वाटते, ज्याला धक्के खायचेच आहेत, त्याला घडवणारा कारागीर मुळातच जपून घडवीत असावा. नामांकित कंपन्यांची यंत्रे सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रांपेक्षा कमी कोलमडत होती, आणि ज्यांचा वेग मुद्दाम वाढवून घेतला होता ती अधिक. आमच्या चिरंजीवांनी या दोन्ही गोष्टी मोठ्या हौसेने केल्या होत्या.

पण मला खरा चटका लावला तो त्यातल्या वेगळ्याच आकड्याने. आठ महिन्यांत ज्या यंत्रांनी एकंदर तीस दिवसांचे काम उपसले होते, त्यांतले एकशेनव्वदांत एक मेंदूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, दोषाने कोसळले. म्हणजे तसे क्वचितच. मात्र एकदा कोसळलेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता सुमारे तिनांत एक! हार्ड डिस्कचेही तसेच. एकदा चक्कर आलेल्या माणसाला आपण डॉक्टरकडे नेतो आणि यंत्राला मात्र बंद करून पुन्हा चालू करतो.

आमच्या डेस्कटॉपला जूनमध्ये अशीच चक्कर आली होती. पडदा निळा झाला, वर इंग्रजीत काही दिलगिरी उमटली. चिरंजीव म्हणाले, “बाबा, होतं कधीकधी. रीस्टार्ट करा.” मी केले. ओव्या जागच्या जागी होत्या. मला इतके हायसे वाटले, की त्यांची दुसरी प्रत करून ठेवावी हे डोक्यातही आले नाही.

जुन्या काळच्या इंजिनियरांना असे गाफील राहणे परवडणारे नव्हते. 1946 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला उभ्या राहिलेल्या ‘एनिअ‍ॅक’मध्ये सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते, आपल्या आजोबांच्या रेडिओत असत तसलेच. आजोबांच्या रेडिओचे चार-पाच व्हॉल्व्ह आठवा आणि अठरा हजारांची कल्पना करा! ते जगावेत म्हणून त्यांना सोसेल त्याहून कमी दाबावर चालवीत, आणि चालू-बंद करतानाच ते अधिक जात म्हणून यंत्र शक्यतो बंदच करीत नसत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कामाला लागलेल्या ‘टिफ्रॅक’मध्येही सुमारे सत्तावीसशे व्हॉल्व्ह होते.

पुढे अमेरिकेच्या अवकाशयानांत, 1981 पासून 2011 पर्यंत उडणाऱ्या त्या ‘शटल’मध्ये, एकाच जातीचे पाच संगणक बसवीत. चार जण तेच गणित करीत आणि एकमेकांचे उत्तर ताडून पाहत. एकाचे निराळे आले की तो बाजूला. पाचव्याला दुसऱ्याच मंडळींनी लिहिलेली आज्ञावली देत, कारण चौघांना एकच चूक शिकवली गेली असेल तर? ज्याने यंत्र बांधले त्यानेच त्याच्यावर इतका अविश्वास दाखवावा, याचे मला फार कौतुक वाटते.

उलट बाजारातली डिस्क पाहा. तिच्या पत्रिकेत सरासरी दहा ते पंधरा लाख तास बिनधोक चालेल असे छापलेले असे. दहा लाख तास म्हणजे एकशेचौदा वर्षे! लग्नातल्या भटजींनीही ‘शतायुषी भव’वर समाधान मानलेले असते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील दोघा संशोधकांनी 2007 मध्ये मोठमोठ्या संगणककेंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शंभरांतल्या दोन ते चार डिस्का दर वर्षी बदलाव्या लागतात असे सर्रास दिसले. पत्रिकेच्या हिशेबाने एकही पुरती बदलावी लागायला नको होती. महागडी डिस्क आणि स्वस्त डिस्क यांत म्हणण्यासारखा फरकही आढळला नाही.

आमची डिस्क श्रावणात गेली. दोन दिवस आतून टकटक असा आवाज येत होता. मला वाटले, पाल असावी. दुरुस्तीवाल्याने ती कानाशी धरली, खाली ठेवली आणि विचारले, “सर, दुसरी कॉपी असेलच ना?” त्याच्या त्या ‘असेलच’चे उत्तर मला देता आले नाही. सोबत आलेले चिरंजीव जमिनीकडे पाहत उभे होते. घरी येईपर्यंत आम्ही दोघे एक अक्षर बोललो नाही.

रात्री सौभाग्यवतींनी मोबाइल पुढे केला. पहिल्या दोन दिवशी आई गात असताना त्यांनी ते सहज मुद्रित करून बहिणीला पाठवले होते. बहिणीने ते माहेरच्या सगळ्या मंडळींना पाठवले. चौकशी केली, तर अकरा फोनांत आईचा आवाज सापडला. एक फोन नागपुरात, एक दुबईत. त्यांतून नव्वद ओव्या परत मिळाल्या. बाकीच्या तीनशे बावीस राहिल्या.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी वही घेऊन आईजवळ बसतो. या वर्षभरात तिचे विसरणे वाढले आहे. भावाच्या ओव्या अजून झरझर येतात. सासुरवाशिणीच्या अर्ध्यावर थांबतात. परवा मला आठवत होती तशी एक ओवी मीच म्हणून दाखवली. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “छान आहे रे. कुणाची?”