प्रेमपत्रांचं बिल नेहमी तिच्याच नावावर

पुरुषाने प्रेमपत्रं लिहिली की तो 'आतून किती हळवा' ठरतो आणि बाईने लिहिली की ती 'त्याची प्रेयसी' होते. हा हिशोब आता माझ्या डोक्यात जातो.

मागच्या शनिवारी भाट्याच्या सुरुबनात आम्ही पाच-सहा जण गप्पा हाणत बसलो होतो, सगळे पुण्या-मुंबईहून घरी आलेले. कुणीतरी हाना आरेंटचं नाव काढलं, आणि लगेच प्रश्न आला, "ती हायडेगरची ना?"

हायडेगरची!

१९२५ साली मारबुर्गमध्ये ती १८ वर्षांची विद्यार्थिनी आणि तो ३५ वर्षांचा, बायको-मुलं असलेला प्राध्यापक. १९३३ साली तो नाझी पक्षात गेला, विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. ती ज्यू, त्याच वर्षी तिला देश सोडावा लागला. पुढे १९५१ मध्ये तिने सर्वंकष सत्तेवर जो ग्रंथ लिहिला त्याच्याशिवाय विसाव्या शतकाबद्दल धड बोलता येत नाही. पण १९९८ साली दोघांची पत्रं छापून आली आणि चर्चा कशाची? अफेअरची. त्यातही गंमत अशी की तिने त्याची पत्रं जपून ठेवली, आणि सुरुवातीच्या वर्षांतली तिची पत्रं जवळजवळ उरलेलीच नाहीत. म्हणजे ऐकू येतो मुख्यतः त्याचा आवाज, आणि निवाडा मात्र तिचा. 'एवढी हुशार बाई, त्याच्यात काय पाहिलं?' १९६९ साली त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त तिने लेख लिहिला, तोही लोक अजून तिच्या खात्यावर लावतात. त्याने काय केलं ते मात्र 'तत्त्वज्ञान वेगळं, माणूस वेगळा' या खात्यात. वा!

हे फक्त जर्मनीत होतं असं समजू नका. आपल्याकडे 'कुसुमानिल' आहे. कवी अनिल आणि कुसुमावती यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार, १९७२ साली पुस्तक म्हणून आला. पुस्तक सुंदरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. पुस्तक आलं तेव्हा कुसुमावतींना जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या नागपुरात इंग्रजी शिकवायच्या, कथा लिहायच्या, मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा त्यांनी घेतला, 'पासंग'सारखा समीक्षासंग्रह लिहिला. अनिल १९५८ च्या मालवण साहित्य संमेलनाचे अध्यक्ष (मालवण तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं बरं का), आणि कुसुमावती १९६१ साली ग्वाल्हेरला. संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्ष. दुसरी यायला १९७५ उजाडलं, कराडला दुर्गा भागवत. तरी मी ज्याला ज्याला त्यांच्याबद्दल विचारतो तो म्हणतो, "हां, ती पत्रं!" अनिलांचं नाव घेतलं की मुक्तछंद आठवतो, 'दशपदी' आठवते. एकच पत्रव्यवहार, त्याच्यासाठी तो पुरवणी आणि तिच्यासाठी तोच बायोडेटा.

यावर सभ्य लोकांचा उपाय ठरलेला असतो: खाजगी पत्रं वाचूच नयेत, काम बघावं. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या धंद्यात नुसता शेवटचा कोड बघून काही कळत नाही, आधी कुणी काय बदललं आणि का, त्या नोंदी बघाव्या लागतात. पत्रं म्हणजे त्या नोंदी. ती जरूर वाचा. पण नोंदी वाचायच्या तर दोघांच्या वाचा, आणि कोडही दोघांचा उघडा. हायडेगर अस्सल जगण्यावर पानंच्या पानं लिहीत होता त्याच काळात एका विद्यार्थिनीला लपूनछपून भेटत होता, हा प्रश्न त्याच्या तत्त्वज्ञानाला विचारायला हवा. तिच्या चारित्र्याला कशाला?

आणि पत्रांमधलं प्रेमच हवं असेल, तर एक माहिती देतो. आरेंटचा १९२९ साली छापलेला पीएचडीचा प्रबंध कशावर आहे? सेंट ऑगस्टीनच्या प्रेमाच्या संकल्पनेवर. अख्खा प्रबंध, प्रेमावर. तो निदान गॉसिप म्हणून तरी वाचा की राव.