मोटारीच्या दिव्यातील तेल

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात एका मे महिन्यात आम्ही काही दिवस मुक्कामास होतो. घनश्यामदास बिर्ला यांनी १९२१ साली उभारलेल्या जियाजीराव कॉटन मिलच्या आश्रयाने ही वसाहत वाढली. गिरणी १९९०च्या दशकात बंद पडली. नाव मात्र राहिले. तेथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशाच एका रात्री शेजारच्या आजोबांच्या छातीत कळ आली. आमच्या यजमानांची मोटार दारातच उभी होती. पण किल्ली फिरविली तर ‘टक्’ एवढाच आवाज! दोन आठवडे गाडी हलली नव्हती, बॅटरी पार उतरली होती. अखेर रिक्षा शोधून आणली. देवकृपेने आजोबा बचावले; परंतु वाया गेलेला तो अर्धा तास आम्हांस विसरता येत नाही. आपल्या खेड्यांतही एकच मोटार चार वाड्यांची रुग्णवाहिका असते. म्हणून आज या विषयावर चार शब्द.

बॅटरी ही विजेची विहीर नव्हे, तो हौद आहे. शिशाच्या पट्ट्या व गंधकाम्लाचे पाणी यांनी भरलेले तिचे सहा खण असतात. प्रत्येक खण सुमारे २ व्होल्टचा, म्हणून बॅटरी १२ व्होल्टची. अशी पुनःपुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली सिद्ध केली. इंजिन सुरू करताना स्टार्टर क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर वीज ओढून घेतो. इंजिन चालू झाले की पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर दिवे-पंख्यांचा भार उचलतो आणि हौदही पुन्हा भरतो. त्या वेळी विजेचा दाब साधारण १४ व्होल्ट असतो. तो कमी पडला तर बॅटरी भरत नाही. फार वाढला तर आतील पाणी उडते व पट्ट्या झिजतात. हा तोल रेग्युलेटर सांभाळतो. अनेक नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकाशी मापक असतो. किती वीज आली, किती गेली, याचा हिशेब संगणक ठेवतो आणि वीज कमी पडू लागल्यास चैनीची उपकरणे बंद करतो.

तरीही उभ्या गाडीत घड्याळ, चोरघंटा व संगणक थोडी वीज पीतच राहतात. ती ५० मिलिअँपिअर धरली, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत जवळजवळ निम्मी! पुढचे दोन दिवे चुकून चालू राहिले, तर चार तासांतच सारे आटोपते. त्यातून उन्हाळा बॅटरीचे आयुष्य खातो, आणि तिचा अशक्तपणा पुढे थंडीत उघडा पडतो. बिर्लांच्याच हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरला, जिचे उत्पादन २०१४ साली थांबले, हँडल मारता येई. आजच्या मोटारींत ती सोय नाही; स्वयंचलित गिअरची गाडी तर ढकलूनही सुरू होत नाही.

तेव्हा इतके करावे. बॅटरीला झाकणे असतील तर पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. तारा सोडताना ऋण टोकाची आधी सोडावी. दुसऱ्या गाडीची वीज घेताना प्रथम दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके जोडावी. मग चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाची तार आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की मिस्त्रीकडून तपासून घ्यावी.

दहा कुमारिकांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. मध्यरात्री हाक आली, तेव्हा तेल विकत आणण्याची वेळ टळून गेली होती. आमच्या यजमानांनी तो धडा घेतला. घरापासून देवळापर्यंतच्या पाच मिनिटांत बॅटरी भरत नाही, हे कळल्यापासून ते रविवारी अर्धा तास आधी निघतात आणि लांबच्या वस्तीतील वृद्धांना मिस्सेसाठी घेऊन येतात. बॅटरीही भरते, आणि देवळातील बाकेही!